कार्पास ते कॉटन: कापसाच्या युरोपीय नावांची प्रस्तावना

मराठी 'कापूस', हिंदी 'कपास' आणि बंगाली 'कापास' हे तिन्ही शब्द संस्कृत 'कार्पास'चे वंशज आहेत. मलाय भाषेतला 'कापास'ही त्यांच्याच गोतातला. हाच शब्द पश्चिमेकडे गेला तेव्हा ग्रीकांनी त्याचा 'कार्पासोस' केला आणि रोमनांनी 'कार्बासुस'. आज युरोपात इंग्रजी 'कॉटन', इटालियन 'कोतोने', स्पॅनिश 'अल्गोदोन', जर्मन 'बाउमवोले', पोलिश 'बावेउना', रोमानियन 'बुम्बाक' अशी कापसाची अनेक नावे आहेत. यांतले एकही 'कार्पास'पासून निघालेले नाही. जो शब्द सगळ्यांच्या आधी पोहोचला तो तिथून पुसला गेला आणि मागाहून आलेले शब्द घरचे होऊन बसले. असे का झाले, हा या विषयाचा गाभा आहे. त्याचे उत्तर शब्दकोशांपेक्षा शेतात, बंदरात आणि बाजारात अधिक सापडते.

वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे अनसिंग हे गाव वऱ्हाडाच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात येते. या पट्ट्यात कापसाला एक नाव पुरत नाही. उभे झाड म्हणजे 'पऱ्हाटी'. त्यावर आधी 'पाते' धरते, मग फूल येते, मग 'बोंड'. बोंड फुटून हाती येतो तो कापूस. त्यातून 'सरकी' वेगळी काढली की उरते ती 'रुई'. रुईचे सूत, सुताचे कापड, आणि वेचणी संपल्यावर शेतात वाळलेल्या पऱ्हाट्या चुलीला सरपण. ज्याने पीक पेरले, निंदले, वेचले त्याच्या भाषेत प्रत्येक अवस्थेला असा वेगळा शब्द असतो. युरोपातल्या बहुतेक भाषांत हे सगळे एकाच शब्दात कोंबलेले आढळते, कारण त्या लोकांनी झाड कधी पाहिलेच नव्हते. त्यांच्यापर्यंत कधी गाठ पोहोचली, कधी सूत, कधी नुसते कापड. ज्या रूपात वस्तू पोहोचली, त्या रूपाला शब्द चिकटला.

'कार्पास' हा शब्द मुळात कुठला, यावर एकमत नाही. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झाँ प्रिझिलुस्की यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे मांडले की, हा शब्द संस्कृतात ऑस्ट्रो-आशियाई कुळातून, म्हणजे मुंडा आणि ख्मेर ज्या कुळातल्या आहेत त्या कुळातून आला असावा. हे मत सर्वांना मान्य नाही, पण त्यामागचा विचार पटण्याजोगा आहे. सिंधू संस्कृतीत मोहेंजोदडोला सुती कापडाचे अवशेष मिळाले आहेत आणि बलुचिस्तानात मेहेरगढला तर त्याहूनही कितीतरी जुने धागे सापडले आहेत. कापूस पिकवणारे लोक संस्कृत बोलणाऱ्यांच्या आधीपासून इथे होते. त्यांचे पीक घेतले गेले, तसे त्याचे नावही घेतले गेले असणे शक्य आहे. मनुस्मृतीपर्यंत येईतो हा शब्द पूर्ण रुळला होता. तिथे ब्राह्मणाचे यज्ञोपवीत कार्पासाचे असावे असे सांगितले आहे.

प्राकृतात 'कार्पास'चा 'कप्पास' झाला आणि त्यातून मराठी 'कापूस' आला. त्या काळच्या प्राकृताची खूण वाशीमच्या परिसरातच सापडते. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तिथला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट 1939 साली उजेडात आला. तो इसवी सनाच्या चौथ्या शतकातला आहे. त्यातली वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा व्यवहार प्राकृतात. दरबारी थाट एका भाषेत आणि जमिनीचे, करांचे बोलणे दुसऱ्या भाषेत, हा भेद त्या पत्र्यावर स्पष्ट दिसतो. शेतीचे शब्द या दुसऱ्या भाषेतून आपल्यापर्यंत आले.

त्या प्राकृताने कापसाला आणखी एक नाव जपले आहे, 'फलही'. हालाच्या गाथासप्तशतीत एक गाथा आहे. कापसाच्या शेतात नांगर घालायच्या शुभदिवशी एक बाई नांगरावर मंगलचिन्हे काढते आहे आणि तिचे हात थरथरत आहेत. दाट वाढलेल्या पऱ्हाटीच्या आडोशाने पुढे होणाऱ्या भेटी तिच्या मनात आधीच आल्या आहेत. या गाथेतला विधी वाचताना वऱ्हाडातल्या शितादहीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कापसाची पहिली वेचणी सुरू करण्यापूर्वी शेतात पूजा मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, ही रीत वऱ्हाडात अनेक पिढ्या चालत आली आहे. दोन्ही विधी एकच आहेत असे म्हणता येणार नाही. एक नांगरणीचा आहे, दुसरा वेचणीचा. पण कापसाच्या शेताला मान देण्याची ही भावना दख्खनच्या पठारावर फार जुनी आहे, एवढे त्यातून नक्की कळते.

पश्चिमेकडे कापसाची वार्ता आधी गेली, नाव नंतर गेले. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवले की, भारतात रानटी झाडांना लोकर लागते, ती मेंढीच्या लोकरीपेक्षा सुंदर आणि सरस असते, आणि तिथले लोक तिचेच कपडे घालतात. इराणचा राजा क्षयार्षा याच्या सैन्यातले भारतीय सैनिकही झाडापासून केलेली वस्त्रे ल्यालेले होते, असे तो सांगतो. हेरोडोटसला वस्तू ठाऊक होती, पण तिच्यासाठी शब्द नव्हता. म्हणून त्याने 'झाडाची लोकर' असे वर्णन केले. हे वर्णन पुढे फार लांबवर जाणार होते.

शब्द गेला तो बहुधा इराणमार्गे. हिब्रू बायबलातल्या एस्तेरच्या पुस्तकात शुशन इथल्या राजवाड्याचे वर्णन आहे आणि तिथल्या पडद्यांसाठी 'कर्पस' हा शब्द वापरला आहे. फारसीत 'कर्बास' म्हणजे जाडेभरडे सुती कापड. ग्रीकात 'कार्पासोस' आला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या पुस्तकात तो आपल्या ओळखीच्या प्रदेशासंदर्भात भेटतो. बारिगाझा म्हणजे भडोच. त्याच्या आसपासच्या मुलखात गहू, तांदूळ, तिळाचे तेल, तूप आणि कार्पासोस पिकतो, त्या कार्पासोसपासून जाडे भारतीय कापड होते, असे हा व्यापारी नोंदवतो. त्याच पुस्तकात दख्खनमधल्या दोन पेठांची नावे आहेत, पैठण आणि तगर. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले आजचे तेर. तिथून साधे कापड आणि तलम वस्त्रे गाड्यांवर लादून भडोचला जात, असे तो सांगतो. एवढी नेमकी माहिती लिहिणारा माणूस 'कार्पासोस' हा शब्द पुस्तकातून उचलत नसावा. तो त्याने बंदरात ऐकला असावा.

रोममध्ये मात्र या शब्दाचे काहीतरी निराळेच झाले. लॅटिन 'कार्बासुस'चा अर्थ कापूस असा ठाम राहिलाच नाही. आधी तो तलम कापड झाला, मग जवसाच्या धाग्याचे तलम कापड, मग त्या कापडाचे शीड. रोमन लेखक प्लिनी तर हा शब्द स्पेनमधल्या जवसाच्या धाग्याच्या नाजूक कापडासाठी वापरतो. कवींच्या ओळींत 'कार्बासुस' म्हणजे वाऱ्याने फुगलेले शीड. उन्हापासून आडोसा म्हणून नाट्यगृहांवर ताणलेल्या छतालाही हाच शब्द लागला. याचे कारण सरळ आहे. रोमनांच्या शेतात जवस होते, कापूस नव्हता. परका शब्द आला, त्याचे कापड हाती आले, पण झाड डोळ्यांसमोर नसल्याने शब्दाला मूळ धरता आले नाही. जिथे जे पांढरे, हलके, ताणता येणारे कापड दिसले तिथे तो जाऊन बसला. साम्राज्य गेले आणि बोलीभाषांतून हा शब्दही गेला. औषधशास्त्राच्या लॅटिनमध्ये तेवढा तो टिकला. तिथे 'कार्बासुस' म्हणजे जखमेवर बांधायचे जाळीदार कापड.

यानंतर युरोपला कापूस नव्याने भेटला, तो अरबांकडून. अरबीत कापसाला 'कुत्न' म्हणतात. अरबी राजवटीत स्पेन आणि सिसिलीत कापूस पिकू लागला, आणि या वेळी शब्दाबरोबर झाडही आले. म्हणूनच हा शब्द टिकला. स्पॅनिश 'अल्गोदोन' आणि पोर्तुगीज 'अल्गोदाँव' यांच्या आरंभीचे 'अल्' हे अरबीतले उपपद आहे. इटालियन 'कोतोने' आणि फ्रेंच 'कोतों' यांत ते नाही. साखरेच्या नावातही हाच फरक दिसतो: स्पॅनिश 'असूकार'मध्ये अरबी उपपद मुरले आहे, इटालियन 'झुक्केरो'त नाही. स्पेन-पोर्तुगालच्या लोकांनी शेकडो वर्षे अरबी बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या तोंडून हे शब्द अख्खे ऐकले, इटलीच्या व्यापाऱ्यांनी ते धक्क्यावर मालाचे नाव म्हणून उचलले, असे याचे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. फ्रेंचमध्ये हा शब्द बाराव्या शतकात आला आणि तिथून चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत 'कॉटन' झाला. डच 'कातून' हाही याच घराण्यातला. त्याच्यापासून आलेला जर्मन 'कातून' मात्र कापूस या अर्थी वापरला जात नाही, छापील सुती कापड या अर्थी वापरला जातो. पुन्हा तीच गोष्ट: जर्मनांच्या हाती जे आले, त्यालाच शब्द लागला.

पूर्व युरोपात तिसरे नाव पोहोचले. इराणात कापसाला 'पंबक' हा जुना शब्द होता, आजच्या फारसीत 'पंबे'. तो बायझंटाइन ग्रीकांनी घेतला, आजच्या ग्रीकात त्याचा 'वाम्वाकी' झाला आहे. तुर्कीत 'पामुक', सर्बियन आणि बल्गेरियनमध्ये 'पामुक', हंगेरियनमध्ये 'पॉमुत', रोमानियनमध्ये 'बुम्बाक', इटालियनमध्ये कापसाच्या मऊ पेळूला 'बाम्बाजा'. मध्ययुगीन लॅटिनमध्ये हा शब्द शिरला तेव्हा त्याची गाठ रेशमाच्या किड्याच्या ग्रीक नावाशी, 'बोम्बिक्स'शी पडली. दोन्ही मऊ, दोन्ही पूर्वेकडून आलेले, दोन्हींचा उच्चार जवळचा. त्या गोंधळातून 'बोम्बाक्स' हे रूप तयार झाले. वनस्पतिशास्त्राने ते पुढे ज्या झाडाला दिले ते आपल्या ओळखीचे आहे. वऱ्हाडाच्या रानात फाल्गुनात पाने झाडून लाल फुलांनी भरून जाणारी काटेसावर म्हणजे 'बोम्बाक्स सेइबा'. तिच्या बोंडातून उडणारा कापूस उशीत भरतात, पण त्याचे सूत निघत नाही.

या तिसऱ्या घराण्यातून निघालेले दोन शब्द विशेष लक्षात घेण्यासारखे आहेत. पहिला इंग्रजी 'बॉम्बास्ट'. सोळाव्या शतकात इंग्लंडातले श्रीमंत पुरुष अंगरख्यात कापसाचे अस्तर भरून छाती फुगवून दाखवत. त्या भरणीचे नाव 'बॉम्बास्ट'. पुढे कपड्यातला कापूस गेला आणि भाषेतला उरला: अर्थ कमी आणि शब्द फुगीर, अशा बोलण्याला 'बॉम्बास्ट' म्हणू लागले. कापसाच्या मिश्रणाचे जाडे कापड 'फस्टियन', त्याच्या नावाचाही इंग्रजीत असाच अर्थ झाला. दुसरा शब्द रशियन 'बुमागा'. याचा आजचा अर्थ 'कागद' असा आहे, पण तो 'पंबक'च्या घराण्यातला मानला जातो. जुन्या रशियनमध्ये तो कापसालाही लागत होता आणि सुती कापडाच्या रशियन विशेषणात हा 'बुमागा' आजही जोडलेला आहे. चिंध्यांच्या लगद्यापासून कागद होत असे त्या काळाची खूण या शब्दात राहिली आहे.

चौथे घराणे उत्तरेकडचे. तिथल्या भाषांनी परका शब्द घेतलाच नाही, हेरोडोटसने केले तसे वर्णनच नाव म्हणून ठेवले. जर्मन 'बाउमवोले' म्हणजे झाड-लोकर. स्वीडिश 'बूमुल', डॅनिश 'बोमुल' हे त्याच घडणीचे. फिनिश 'पूविला'त 'पू' म्हणजे झाड आणि 'विला' म्हणजे लोकर. लिथुआनियन 'मेदविल्ने' आणि लात्वियन 'कोकविल्ना' यांतही झाड आणि लोकर हेच दोन घटक आहेत, प्रत्येक भाषेने ते आपल्या शब्दांत जोडले. चेक 'बव्लना' आणि पोलिश 'बावेउना' यांत जर्मन 'बाउम'चा अर्धा तुकडा आणि लोकरीचा आपला स्लाव शब्द एकत्र आले आहेत. ही सगळी थंड मुलखातली, मेंढ्या पाळणारी माणसे. धागा म्हटले की लोकर हे त्यांच्या मनात इतके पक्के होते की, झाडाला लागणारा धागाही त्यांनी लोकरीच्याच नावाने ओळखला. चौदाव्या शतकात मँडेव्हिलच्या नावाने गाजलेल्या प्रवासवर्णनात तर पूर्वेकडे भोपळ्यासारखे फळ येते आणि ते कापले की आत हाडामांसाचे कोकरू निघते, असे लिहिले आहे. हेन्री ली याने 1887 साली या 'वनस्पती-कोकरा'वर आख्खे पुस्तक लिहून त्यामागे कापसाचे बोंड आहे असे दाखवण्याचा प्रयत्न केला. एका वर्णनाचा शब्दशः अर्थ घेतला की कल्पना कुठवर धावते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

भाषेच्या वाक्प्रचारांत मात्र काही ठिकाणी दूरदूरचे लोक एकाच जागी येतात. माणूस आजाराने खंगत चालला की मराठीत 'कापूस महाग झाला' म्हणतात. फ्रेंचमध्ये अशाच माणसाबद्दल तो 'वाईट कापूस कातो आहे' असे म्हटले जाते. झिजत, विरत जाणाऱ्या कापडावरून तो वाक्प्रचार आला. दोघांनी एकमेकांचे ऐकलेले नाही. कापडाचे विरणे आणि शरीराचे विरणे यांतला सारखेपणा दोघांनाही आपापला दिसला.

सोळाव्या शतकापासून युरोपची जहाजे थेट भारताच्या किनाऱ्याला लागू लागली आणि शब्दांची दुसरी मोठी खेप निघाली. ही खेप कापसाच्या नावांची नव्हती, कापडांच्या नावांची होती. कालिकत बंदरावरून 'कॅलिको' झाला. 'छींट'वरून इंग्रजी 'चिंट्झ', पोर्तुगीज 'चिता', डच 'सित्स' झाले आणि डचातून तो रशियात गेला तेव्हा 'सीतेत्स' झाला. मराठीत आपण ज्या फुलाफुलांच्या कापडाला 'चीट' म्हणतो, त्याच कापडाचे हे नाव. 'बांधणी'च्या क्रियापदावरून 'बँडाना' आला. या कापडांची युरोपात इतकी ओढ लागली की फ्रान्सने 1686 साली आणि इंग्लंडने 1700 व 1721 साली कायदे करून त्यांच्यावर बंधने घातली. कायद्यांना कापड काही काळ अडवता आले, नावे मात्र तेवढ्यात लोकांच्या तोंडी बसली.

या खेपेतला सर्वांत मराठी शब्द 'डंगरी'. मुंबईतल्या डोंगरी भागाच्या नावावरून तिथे विकल्या जाणाऱ्या जाड्या सुती कापडाला इंग्रज 'डंगरी' म्हणू लागले. सतराव्या शतकातल्या इंग्रजी लिखाणात हा शब्द आढळतो. शिडे, तंबू आणि खलाशांचे कपडे यांसाठी हे कापड वापरात होते. पुढे त्याच्या अंगभर घालायच्या विजारीला 'डंगरीज' म्हणू लागले आणि आता हा शब्द मुलांच्या कपड्यांच्या दुकानातून मराठीत परत आला आहे. 'डोंगर' या शब्दाचा एवढा प्रवास झाला असेल, हे डंगरी विकत घेणाऱ्या मराठी आईबापांना कुणी सांगत नाही, आणि सांगायला हवे. मापांचेही तसेच. 'गोणी'वरून इंग्रजी 'गनी' आला आणि 'खंडी'वरून 'कँडी'. मुंबईच्या कापूस बाजारातली खंडी 784 पौंडांची, म्हणजे सुमारे 356 किलोंची. आजही रुईचा भाव बहुतेक ठिकाणी खंडीवर सांगितला जातो.

एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडाचे नाव थेट युरोपच्या बाजारात गेले. 1853 साली निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस थांबला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी भारताकडे हात पसरला. 1867 साली भुसावळ-नागपूर रेल्वे पूर्ण झाली. 1870 साली खामगावचा रेल्वेफाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते खुला झाला. विंटरथूर आणि मुंबई इथून चालणारी स्विस फोल्कार्ट आणि ग्रीक वंशाची रॅली ब्रदर्स अशा पेढ्या वऱ्हाडातून कापूस उचलू लागल्या. लिव्हरपूलच्या भावपत्रकात वऱ्हाडच्या कापसाला अमरावतीच्या नावावरून 'ऊम्रा' म्हणत, आणि त्याच्या शेजारी 'हिंगणघाट' हेही एक प्रतीचे नाव असे. अनसिंगसारख्या गावांतून बैलगाडीने निघालेल्या कापसाला लिव्हरपूलमध्ये कुणी अनसिंगचा म्हणत नव्हते. पेठेचे नाव मालाला लागते, पिकवणाऱ्या शिवाराचे लागत नाही. कालिकत आणि 'कॅलिको' यांचेही असेच झाले होते.

सगळीच नावे सन्मानाची नव्हती. मुंबईमार्गे जाणाऱ्या भारतीय कापसाला लँकेशायरचे मजूर सरसकट 'सुरत' म्हणत. तो आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला, यंत्रावर तुटणारा म्हणून त्यांना नकोसा होता. इतका की काही काळ 'सुरत' हे भेसळीच्या कोणत्याही मालाचे विशेषण झाले. धागा आखूड होता हे खरे, कारण तो देशी जातीचा होता. माती आणि कचरा मात्र शेतातून जितका आला तितकाच दलालांच्या गोदामांतून आला. पण बदनामी नावालाच मिळाली.

याच काळात 'कार्पास' दुसऱ्यांदा युरोपीय भाषेत शिरला. सरकी न काढलेल्या कापसासाठी इंग्रजांना एक शब्द हवा होता आणि 'कॉटन'ने तो भेद होत नव्हता. त्यांनी इथलाच 'कपास' उचलला. इंग्रजी सरकारी अहवालांत 'कपास' म्हणजे सरकीसकट कापूस हा अर्थ पक्का झाला, आणि 1886 सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात त्याची नोंद करताना ग्रीक 'कार्पासोस'शी असलेले त्याचे नातेही सांगितले गेले. पेरिप्लसच्या व्यापाऱ्यानंतर अठराशे वर्षांनी हा शब्द पुन्हा कापसाच्या नेमक्या अर्थाने युरोपियनांच्या लेखणीत आला, कारण या वेळी ते स्वतः कापसाच्या शेतात उभे होते.

उलट दिशेने वऱ्हाडात आलेले शब्द आज इतके मुरले आहेत की ते परके वाटत नाहीत. सरकी काढायचा आपला हातरेचा होता. कारखाना आला आणि 'जिन' हा शब्द आला. हा 'एंजिन'चा तुकडा. त्याचे मूळ लॅटिन 'इंगेनियुम', म्हणजे बुद्धी, हुनर. एली व्हिटनीने 1794 साली अमेरिकेत यंत्राचे पेटंट घेतले तेव्हा त्याला 'जिन' हे नाव मिळाले होते. मराठीत 'जीन' असा ऐकू येणारा दुसरा शब्द कपड्याचा: 'जीनची पँट'. तो इटलीच्या जेनोवा शहराच्या फ्रेंच नावावरून आला, आणि त्याचा सोबती 'डेनिम' फ्रान्सच्या नीम शहरावरून. तिसरा 'जीन' घोड्याच्या पाठीवरचा, तो फारसी. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. वाशीम बाजार समितीच्या अनसिंगच्या उपबाजारात भाव ज्या 'क्विंटल'वर पुकारला जातो, त्याचे मूळही लॅटिनच. शंभर या अर्थाच्या शब्दापासून निघालेले माप ग्रीकातून अरबीत 'किंतार' झाले, अरबीतून पुन्हा मध्ययुगीन लॅटिनमध्ये आले, आणि 1956 च्या कायद्याने दशमान मापे लागू झाली तेव्हा वऱ्हाडात पोहोचले. त्या बाजारात आता सोयाबीनची पोती अधिक दिसतात, आणि 'सोया' हा शब्द जपानी 'शोयू'पासून डचांनी युरोपात नेलेला.

'कॉटन' हा शब्दही मराठीत आला आहे, पण त्याने 'कापूस'ची जागा घेतलेली नाही. 'कॉटनची साडी', 'कॉटनचा शर्ट' असे म्हटले जाते, पण 'कॉटन वेचायला चाललो' असे कुणी म्हणत नाही. शेत, बोंड, वेचणी, भाव यांसाठी 'कापूस' आणि दुकानातल्या कपड्यासाठी 'कॉटन', अशी वाटणी झाली आहे. त्यात मागे सरला तो 'सुती' हा शब्द. गोव्यात पोर्तुगीज साडेचारशे वर्षे राहिले, तरी 'अल्गोदाँव' कोकणीत रुजला नाही. ज्या वस्तूला घरचे नाव आहे तिला परके नाव सहसा लागत नाही.

शेवटचा पदर शास्त्रीय नावांचा. प्लिनीने वरच्या इजिप्तमधल्या एका झुडपाला 'गोसिपियोन' म्हणतात असे लिहिले होते. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली कापसाच्या वंशाला तेच नाव दिले: 'गॉसिपियम'. वऱ्हाडची जुनी देशी कपाशी 'गॉसिपियम आर्बोरियम', म्हणजे झाडासारखी. आजची अमेरिकन कपाशी 'गॉसिपियम हिर्सुटम', म्हणजे केसाळ, मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. 2002 साली भारतात परवानगी मिळालेले बीटी वाण याच दुसऱ्या जातीत तयार झाले. 'बीटी'तला 'बी' 'बॅसिलस' या जिवाणूच्या नावाचा, आणि 'टी' जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांताचा. तिथल्या पिठातल्या पतंगाच्या अळीत सापडलेल्या जिवाणूचे अर्न्स्ट बर्लिनरने 1915 साली हे नामकरण केले. अनसिंगच्या शिवारात जूनमध्ये बीटीची पाकिटे फोडली जातात तेव्हा या जर्मन प्रांताचे आद्याक्षर शेतकऱ्याच्या बोलण्यात सहज येते, आणि पाकिटावरच्या त्या झाडाला तो पऱ्हाटीच म्हणतो.